धनुष्याची स्ट्रिंग बदलता, मग केबल का नाही?

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या, धनुष्याच्या मिश्र सांघिक स्पर्धेचा समावेश झाल्याची बातमी आली, तेव्हापासून आमच्या मैदानावर कंपाउंडची चौकशी करणारे पालक मला पूर्वीपेक्षा जास्त भेटू लागले आहेत. त्याआधी २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवले आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत धनुष्य आले. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु या धनुष्यांची स्ट्रिंग, म्हणजे बाण सोडणारा दोर, आणि केबल, म्हणजे टोकांच्या चाकांना जोडलेले बाजूचे दोर, केव्हा बदलायच्या, याबद्दल पालकांमध्ये, आणि सांगायला वाईट वाटते, पण काही जुन्याजाणत्या मंडळींमध्येही, जो गैरसमज आहे, तो आपल्या दैनिकातून दूर व्हावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात एकतीस वर्षे काम करून निवृत्त झालो. माझी नात पंधरा वर्षांची असून तीन वर्षांपासून तिरंदाजी करते. तिला मैदानावर नेणे-आणणे आणि तिचे धनुष्य सांभाळणे, ही दोन्ही कामे माझ्याकडे आहेत.

गेल्या मे महिन्यात सकाळी आठच्या सुमारास, पन्नास मीटरवर सराव चालू असताना, तिने धनुष्य पूर्ण ओढलेले असतानाच त्याची खालची केबल तुटली. आवाज मोठा झाला. स्ट्रिंग दोन्ही कॅमवरून, म्हणजे टोकांच्या चाकांवरून, उतरली आणि तुटलेल्या केबलचे टोक तिच्या डाव्या हाताच्या कोपराखाली फटक्यासारखे बसले. आठ दिवस तिथे काळानिळा वळ होता. डोळ्याला काही झाले नाही. धनुष्याचे एक पाते, ज्याला मैदानावर लिम्ब म्हणतात, ते मधोमध उभे चिरले. ते धनुष्य आम्ही त्याच्या अकरा महिने आधी जुने विकत घेतले होते. घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी एका दुकानातून निळी-पांढरी नवी स्ट्रिंग बसवून घेतली होती. केबल काळ्या रंगाच्या होत्या. त्या हातात धरून दुकानदार म्हणाले, ‘केबल चांगल्या आहेत, अजून वर्षभर चालतील.’ मी मान डोलावली आणि चार-पाच हजार वाचवले. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आयुष्यभर पार्ट तपासणाऱ्या माणसाने स्वतः न तपासता दुसऱ्याच्या शब्दावर ती केबल पास केली, हे मला जास्त लागले आहे.

घरी आल्यावर मी जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद पसरला आणि तुटलेली केबल त्यावर ठेवून भिंगाखाली पाहिली. केबल मध्यभागी तुटली नव्हती. खालच्या कॅमवर जिथे ती वळसा घेते आणि तिच्यावर गुंडाळलेला जाड दोरा, म्हणजे सर्व्हिंग, जिथे संपतो, नेमकी तिथे ती तुटली होती. तिथले तंतू समईच्या वातीसारखे पिंजारलेले होते, आणि तिथून वीतभर अंतरावर तीच केबल नव्यासारखी चकाकत होती. सर्व्हिंगच्या दोन वेढ्यांमध्ये एक मिलिमीटरभर फट पडली होती आणि त्या फटीत मुरुमाची तांबूस धूळ बसली होती. आमचे मैदान मुरुमाचे आहे. वॅक्स लावलेल्या दोऱ्याला ती धूळ चिकटते आणि मग प्रत्येक बाणाबरोबर ती आतल्या तंतूंवर पॉलिश पेपरसारखी घासत राहते. काळ्या रंगामुळे हे वरून काहीच दिसत नव्हते. पांढऱ्या किंवा पिवळ्या केबलवर ते मला महिनाभर आधी दिसले असते, अशी माझी खात्री आहे, आणि म्हणून आता आम्ही फिक्या रंगाच्याच केबल मागवतो.

मूळ गैरसमज शब्दातच आहे. ‘केबल’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सायकलच्या ब्रेकची तार येते. अमेरिकेतल्या हॉलेस विल्बर ॲलन यांना कंपाउंड धनुष्याचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले, आणि त्यानंतरची बरीच वर्षे या धनुष्यांना खरोखरच पोलादी केबल असत. आज तसे नाही. आजच्या धनुष्याची केबल आणि स्ट्रिंग एकाच प्रकारच्या धाग्याची असते. हा धागा डायनीमासारख्या अतिशय मजबूत पॉलिइथिलीनचा असतो आणि बहुतेक वेळा त्यात व्हेक्ट्रान या दुसऱ्या कृत्रिम धाग्याचे मिश्रण असते. अशा वीस ते अठ्ठावीस पदरांना पीळ देऊन ती तयार होते. जी गोष्ट स्ट्रिंगला झिजवते, तीच केबललाही झिजवते. तरीही स्ट्रिंग नाकासमोर असते, तिला रोज हात लागतो, तिच्यावर नॉक, म्हणजे बाणाच्या मागची खाच, बसतो, म्हणून तिच्याकडे लक्ष जाते. केबल बाजूला असते, तिला कोणी हात लावत नाही आणि म्हणून ती जुनी होते आहे, हे कोणाला जाणवत नाही.

वस्तुस्थिती अशी आहे की, पूर्ण ओढलेल्या धनुष्यावर खरा भार केबलवरच असतो. ओढायला पंचेचाळीस पाउंड, म्हणजे साधारण वीस किलो, जोर लागणारे धनुष्य घ्या. कॅमच्या रचनेमुळे शेवटी हातावर त्यातला चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी भार उरतो, आणि म्हणूनच मुले दहा-पंधरा सेकंद निवांत नेम धरू शकतात. परंतु लिम्ब त्या क्षणी सर्वांत जास्त वाकलेली असतात आणि त्यांना वाकलेल्या स्थितीत धरून ठेवण्याचे काम केबल करत असतात. हाताला हलके लागते म्हणून धनुष्यही निवांत आहे असे समजणे चूक आहे. आमची केबल बाण सोडताना तुटली नाही, ओढून धरलेली असताना तुटली, याचे कारण हेच असावे, असे मला वाटते.

आणखी एक फरक पालकांनी लक्षात घ्यावा. रिकर्व्ह, म्हणजे चाके नसलेले, धनुष्य वापरणारी मुले सराव संपला की स्ट्रिंग उतरवतात आणि धनुष्य मोकळे करून पिशवीत ठेवतात. कंपाउंडचे तसे होत नाही. बो प्रेसवर, म्हणजे पाती दाबून धरणाऱ्या यंत्रावर, चढवल्याखेरीज त्याची स्ट्रिंग उतरतच नाही, त्यामुळे ते खुंटीवर टांगलेले असतानाही त्याच्या स्ट्रिंग आणि केबलवर रात्रंदिवस ताण असतो. डायनीमाच्या धाग्याला सततच्या ताणाखाली अगदी हळूहळू लांबत जाण्याची सवय असते. ताण काढला की परत येणारी ही लांबी नव्हे, ही कायमची असते आणि जाणकार तिला क्रीप म्हणतात. उष्णतेने तिचा वेग वाढतो. व्हेक्ट्रानमध्ये हा दोष जवळजवळ नसतो, म्हणूनच त्याचे मिश्रण करतात. पण व्हेक्ट्रान घासण्याला आणि उन्हाला तितका टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. त्या दिवसांत धनुष्य बंद गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवणे म्हणजे महिन्याभराची झीज एका आठवड्यात करून घेणे, असे माझे मत आहे. पावसाची मात्र लोक उगाच जास्त धास्ती घेतात. हा धागा पाणी शोषत नाही. भिजलेले धनुष्य कोरड्या फडक्याने पुसून, सावलीत वाळवून, पुन्हा वॅक्स लावले की पुरते.

आता मुख्य प्रश्न, केव्हा बदलायचे. ‘स्ट्रिंग दोन-तीन वर्षे चालते’ हे वाक्य मी मैदानावर इतक्या जणांकडून ऐकले आहे की ते कुठून आले, हे शोधावेसे वाटले. ते धनुष्याबरोबर येणाऱ्या परदेशी माहितीपत्रकांतून आले आहे आणि तिथे ते चुकीचेही नाही. पण ती माहितीपत्रके कोणासाठी लिहिलेली असतात? आपल्याकडे जी जुनी कंपाउंड धनुष्ये स्वस्तात मिळतात, त्यांतली पुष्कळशी मुळात शिकारीसाठी बनवलेली असतात. ती आखूड असतात. कॅम ज्यांवर फिरतात त्या दोन्ही आसांमधले अंतर तीस-बत्तीस इंच भरते. लक्ष्यावर बाण मारण्याच्या स्पर्धेची धनुष्ये छत्तीस ते चाळीस इंचांची असतात. आमचे एकतीस इंचांचे होते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंदी आहे आणि त्या अधिनियमातल्या शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणही येतात, त्यामुळे इथे या धनुष्यांचा उपयोग फक्त लक्ष्यावर बाण मारण्यासाठीच होतो. माहितीपत्रक मात्र अमेरिकेतल्या शिकाऱ्याला समोर ठेवून लिहिलेले असते. समजा, तो शिकारी हंगामाच्या आधी आणि हंगामात मिळून सहा महिने, आठवड्याला साठ बाण मारतो. म्हणजे वर्षाला दीड हजारांच्या आसपास आणि तीन वर्षांत साडेचार-पावणेपाच हजार बाण झाले. माझी नात दिवसाला शंभर बाण मारते, आठवड्यातून साधारण साडेचार ते पाच दिवस. त्या शिकाऱ्याचे तीन वर्षांचे बाण ती अडीच महिन्यांत संपवते. आमची केबल तुटली तेव्हा तिच्यावर आमच्या हातून वीस हजारांहून जास्त बाण गेले होते आणि आधीच्या मालकाचे किती, ते देवालाच ठाऊक. अशा वेळी ‘अजून वर्ष कुठे झाले’ या वाक्याला काय अर्थ उरतो?

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, स्ट्रिंग-केबलचे आयुष्य आधी बाणांत मोजावे आणि मग महिन्यांत. आमच्या घरी आता ठरलेले आहे, बारा हजार बाण किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. त्या दिवशी स्ट्रिंग आणि केबल यांचा पूर्ण संच बदलायचा. हा आकडा माझ्या अनुभवातला आहे, प्रत्येक धनुष्याला तो जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. जास्त पाउंडांचे, तीक्ष्ण वळणाच्या कॅमचे धनुष्य असेल तर तो कमी करावा. जो माणूस रविवारी तीस-चाळीस बाण मारतो, त्याने दोन वर्षे वापरले तर माझी हरकत नाही; तिसऱ्या वर्षी मात्र, धागा वरून कितीही चांगला दिसला तरी, बदलावा. आणि जुने धनुष्य विकत घेणाऱ्याने काहीही न विचारता पहिल्याच दिवशी पूर्ण संच बदलावा, कारण ते आधी किती महिने कुठे टांगलेले होते, कोणत्या गाडीत तापले होते, हे सांगायला कोणी येत नाही.

स्ट्रिंग तेवढी बदलून केबल जुन्याच ठेवण्यात आणखी एक तोटा आहे आणि तो आम्ही महिनाभर भोगला. बहुतेक कंपाउंडना एक स्ट्रिंग आणि दोन केबल असतात. या तिन्हींची लांबी एकमेकींशी जुळलेली असली, तरच वरचा आणि खालचा कॅम एकाच वेळी शेवटाला येतात. एक केबल दुसरीपेक्षा जास्त लांबली की एक कॅम मागे पडतो. मग ओढण्याच्या शेवटी जी टणक भिंत लागायला हवी, जिला मुले वॉल म्हणतात, ती मऊ लागते आणि बाण एकाच रेषेत वर-खाली पडू लागतात. एप्रिलमध्ये नातीचे नेमके असेच होत होते. तिला दर दोन-चार दिवसांनी साईट, म्हणजे नेम धरण्याचे साधन, थोडी खाली घ्यावी लागत होती. ती म्हणत होती, ‘आजोबा, धनुष्य पूर्वीसारखे लागत नाही.’ आम्ही मोठ्यांनी मात्र तिचा अँकर, म्हणजे ओढलेला हात चेहऱ्याशी टेकवण्याची जागा, तपासला, तिची बोटे तपासली, परीक्षेमुळे लक्ष नाही असे म्हटले आणि एकदा मी तिच्यावर रागावलोसुद्धा. केबल तुटल्यानंतर दुसऱ्या केबलशी तुलना केली तेव्हा उरलेल्या भागांतही पिळाचा फरक स्पष्ट दिसत होता. धनुष्य महिनाभर आम्हाला सांगत होते आणि मुलगीही सांगत होती. तिची मी नंतर माफी मागितली.

तेव्हापासून आमच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. नवा संच बसवून तो जरा बसला, म्हणजे पहिले दोन-तीनशे बाण झाले, की मी पाच मापे लिहून ठेवतो: दोन आसांमधले अंतर, मुठीच्या खोलगट भागापासून स्ट्रिंगपर्यंतचे अंतर, काट्यावर आलेले ड्रॉ वेट (धनुष्य ओढायला लागणारा जोर), नॉकच्या जागेपासून पीपची (स्ट्रिंगमधल्या, नेम धरताना पाहायच्या छिद्राची) उंची आणि कॅमवरच्या खुणांपुढे केबल कुठे येते ते. कॅमवरची खूण मी पांढऱ्या मार्करने करतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हीच मापे पुन्हा घ्यायची. अंतरात तीन मिलिमीटरचा किंवा वजनात एका पाउंडाचा फरक आला, तर मी धनुष्य जाणकाराकडे नेतो. पीळ देऊन ते पुन्हा जुळवता येते. पण जुळवल्यावर महिन्याभरात तोच फरक पुन्हा आला, तर तो धागा संपला असे समजून, बाण कितीही झालेले असोत, संच बदलायचा. कारखान्यात आम्ही गेज झिजले की काढून टाकायचो, त्याला पुनःपुन्हा जुळवत बसत नव्हतो.

काही वेळा मात्र आकड्यांची वाट पाहायची नसते. पदरांपैकी एक जरी पदर तुटला, तरी त्या संचाचे काम संपले. अठ्ठाविसातला एक गेला तर सत्तावीस आहेत, हा हिशेब खोटा आहे, कारण हे पदर एका सलग धाग्याचे वेढे असतात, एक सुटला की बाकीच्यांवरचा ताण असमान होतो. कॅमच्या वळणावरचे सर्व्हिंग सरकून आतला धागा दिसू लागला तरी थांबू नये. आणि कोणी बाण न लावताच धनुष्य ओढून सोडले असेल, तर त्या दिवशी ते धनुष्य पुन्हा ओढूच नये. मैदानावर भेटायला आलेला एखादा मामा किंवा काका कौतुकाने धनुष्य हातात घेतो, ओढतो आणि हातातून ते सुटते, हे मी दोनदा पाहिले आहे. त्यात बाणाने न्यायची सगळी शक्ती लिम्ब, कॅम, स्ट्रिंग आणि केबल यांच्यातच जिरते. त्यानंतर सगळे वरून ठीक दिसले तरी जाणकाराने प्रेसवर घेऊन तपासल्याशिवाय ते मुलाच्या हाती देऊ नये.

तपासायला फार काही लागत नाही. कापसाचा एक बोळा घ्यावा आणि स्ट्रिंग व केबलवरून टोकापासून टोकापर्यंत हलक्या हाताने फिरवावा. जिथे पदर तुटला आहे तिथे कापूस अडकतो, डोळ्यांना दिसण्याच्या आधी. तोच बोळा लिम्बच्या कडांवरूनही फिरवावा, तिथली बारीक चीर अशीच सापडते. कॅमजवळ आणि केबलला बाजूला ओढून धरणाऱ्या रोलरजवळ सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण केबल तिथेच वळते आणि तिथेच झिजते. वॅक्स दोन आठवड्यांतून एकदा, किंवा धागा हाताला कोरडा लागला की लावावे. आधी जुने वॅक्स काढावे. त्यासाठी दोऱ्याचा एक तुकडा स्ट्रिंगभोवती एकदा वेढून खाली ओढत आणला की धुळीसकट काळपट मळ निघून येतो. आमच्या मुरुमाच्या मैदानावर तो किती निघतो, हे पालकांनी एकदा स्वतः पाहावे. नवे वॅक्स बोटांच्या उबेने जिरवावे, हेअर ड्रायरने नव्हे. वॅक्स लावूनही उभे राहिलेले तंतू बसत नसतील तर ते वरवरचे पिंजारणे नव्हे, धागा आतून जायला लागला आहे. सर्व्हिंगवर वॅक्स चोपडू नये.

मधले सर्व्हिंग आणि डी-लूप, म्हणजे स्ट्रिंगला बांधलेला ओढण्याचा लहान फास, यांचा हिशेब वेगळा आहे. नॉक आणि रिलीज, म्हणजे स्ट्रिंग ओढून सोडण्याचे हातातले साधन, यांच्यामुळे ते फार लवकर झिजतात आणि स्ट्रिंग न बदलता ते नवे करता येतात. नातीचा डी-लूप दोन महिन्यांनी बदलतो. त्यात कंजुषी करण्यासारखे काही नाही.

नवा संच केव्हा बसवावा, यालाही महत्त्व आहे. नव्या धाग्याला बसायला काही शे बाण लागतात, पीप थोडा फिरतो, साईटच्या खुणा बदलतात. म्हणून राज्य स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात हौसेने नवी स्ट्रिंग बसवणे हा मुलावर अन्याय आहे. स्पर्धेच्या किमान तीन आठवडे आधी ते काम उरकावे. नाहीतर स्पर्धा होईपर्यंत थांबावे, अर्थात वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणांपैकी एकही दिसत नसेल तरच. आणि हे काम घरी करू नये. पायांत धरून, बोल्ट सैल करून, दोघांनी मिळून ओढून स्ट्रिंग उतरवण्याचे प्रकार मी ऐकले आहेत. या धनुष्याला बो प्रेस लागतो आणि तो वापरणारा हात शिकलेला लागतो.

खर्चाचा मुद्दा मी टाळत नाही. आमच्या धनुष्याच्या पूर्ण संचाला साडेआठ हजार रुपये पडतात आणि नातीच्या सरावाच्या वेगाने वर्षाला दोन संच लागतात. मध्यमवर्गीय घराला हा लहान खर्च नाही आणि पालक स्ट्रिंगपुरतेच का थांबतात, ते मला समजते, मीही थांबलो होतो. पण त्या एका सकाळनंतर लिम्बची जोडी, कॅमची दुरुस्ती आणि नवा संच मिळून आम्हाला सत्तावीस हजार मोजावे लागले आणि पाच आठवडे मुलगी धनुष्याशिवाय बसून होती. तिच्या हातावरच्या वळाचा हिशेब यात धरलेला नाही.

यासाठी पुण्यातल्या प्रशिक्षण केंद्रांना आणि स्थानिक स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. प्रत्येक केंद्राने प्रत्येक कंपाउंड धनुष्यासाठी एक पान ठेवावे. त्यावर संच बसवल्याची तारीख, धाग्याचा प्रकार आणि दर आठवड्याचे बाण, एवढेच लिहावे. प्रशिक्षक मुलांचे बाण मोजतातच. तोच आकडा आणखी एका ठिकाणी उतरवायचा आहे. विक्रेत्यांनी बिलावर संच बसवल्याची तारीख लिहून द्यावी आणि कोणी फक्त स्ट्रिंग मागितली तर केबलचे वय विचारावे. स्पर्धेपूर्वी साहित्य तपासताना ड्रॉ वेट साठ पाउंडांच्या आत आहे ना, हे पाहिले जाते. त्याच टेबलावर, विशेषतः लहान मुलांच्या स्पर्धांत, केबलवरून एक कापसाचा बोळा फिरवायला दोन मिनिटेही लागणार नाहीत. केंद्रात एक बो प्रेस आणि ते वापरणारा एक प्रशिक्षित माणूस असावा, ही माझी अपेक्षा मोठी आहे याची मला कल्पना आहे. पण चार केंद्रांनी मिळून तो ठेवला तरी पुण्यासारख्या शहरात पालकांना अशा साध्या कामासाठी वणवण करावी लागणार नाही.

पालकांना एकच विचारतो. आज संध्याकाळी मुलाचे धनुष्य पिशवीतून काढा आणि त्याच्या केबल शेवटच्या केव्हा बदलल्या, हे कोणाला तरी विचारा. तारीख सांगता आली नाही, तर उद्याचा सराव होऊ देऊ नका.

नात दर रविवारी रात्री आठवड्याचे बाण सांगते आणि मी वहीत लिहितो. काल तिने सांगितलेला आकडा मिळवल्यावर एकूण ९,८८० झाले. नवा संच परदेशातून यायला चार आठवडे लागतात, म्हणून तो आज सकाळीच मागवला आहे.

आपला विश्वासू,
एका तिरंदाज मुलीचे आजोबा,
सिंहगड रस्ता, पुणे